आबा, इनामगाव आणि मायचं डेरगं

कुंभाराने विचारलं, "ताई, घागर देऊ का डेरगं?"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आलेली. कुंभारवाड्यात ही गर्दी, उन्हाने डोकं तापलेलं, आणि एवढ्या साध्या प्रश्नाला माझ्या तोंडून उत्तर निघेना. हा बाजार दरवर्षी माय करायची. आमच्याकडे जुन्या पितरांसाठी घागर भरतात, आणि वर्षाच्या आत घरातलं कुणी गेलं असेल तर त्याच्या नावाने डेरगं. मला यंदा दोन्ही हवी होती. घागर आजा-आजीची. डेरगं मायचं.

"दोन्ही द्या," म्हटलं, आणि मडकी वाजवून बघायला बसले. मायची ही रीत. मडकं डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने ठोकायचं. टण्ण वाजलं तर घ्यायचं, भद्द वाजलं तर निमूट खाली ठेवायचं. तिसरं डेरगं चांगलं खणखणीत वाजलं आणि मला एकदम पुण्यातली ती मुलगी आठवली. ती म्हणाली होती, जोर्वे पद्धतीचं, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावांतलं, भांडं इतकं पक्कं भाजलेलं असतं की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. तेव्हा आबा, माझे वडील, शेजारीच उभे होते. म्हणाले, "मंग? कुंभार चांगला व्हता, आखो काय."

ती पुण्याची गोष्ट लिहायची राहूनच गेली होती. शाळेला सुट्टी लागली आहे, मी माहेरी आहे, तर लिहून टाकते.

माय मार्गशीर्षात गेली. दिवसकार्य झाल्यावर भाऊ आबांना पुण्याला घेऊन गेला. विश्रांतवाडीला त्याचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. आबांचं वय अठ्ठ्याहत्तर, सगळा जन्म गिरणाकाठच्या काळ्या जमिनीत गेलेला. तिथे सकाळी गॅलरीत उभं राहायचं, खालून जाणाऱ्या गाड्या बघायच्या, नऊ वाजता नातवाची स्कूलबस गेली की पुढे दिवसभर काय करायचं ते ठाऊक नाही. फोनवर मला म्हणायचे, "बरं शे सगळं." 'सगळं' म्हणताना आवाज असा यायचा की फेब्रुवारीत दोन दिवसांची रजा टाकली आणि चाळीसगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे गाठलं.

आता त्यांना दाखवायचं काय? शनिवारवाड्यात उन्हातान्हात चालणं होईना, सारसबागेत "गणपती पाह्यना" म्हणाले होते. डेक्कन कॉलेज भावाच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, येरवड्याच्या बाजूला. नाव ऐकून बरेच जण डेक्कन जिमखान्याकडे शोधतात, मीही पूर्वी शोधलं होतं. १८६०च्या दशकातली दगडी इमारत, भोवताली जुनी झाडं, आणि आत पुरातत्त्वाचं संग्रहालय. मी शाळेत इतिहास शिकवते. पहिल्या शेतकऱ्यांचा धडा आला की फळ्यावर एक मडकं आणि एक झोपडी काढते आणि पुढे सरकते. म्हटलं, आपलंही बघून होईल.

दारात आबांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "आबा, देऊळ नाहीये." म्हणाले, "फरशी पुसेल शे ना." झालं.

आत एक मुलगी भेटली, तिथेच शिकणारी. आम्ही खान्देशातले म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. मला वाटलं, आता वांग्याच्या भरताचं विचारणार. पण ती म्हणाली, "मग सावळदा तुमच्याकडचंच!" तापीकाठच्या सावळद्याचं नाव एका आख्ख्या संस्कृतीला दिलेलं आहे हे मला पुस्तकातून माहीत होतं. कुणी ते असं ओळखीच्या गावासारखं घेईल, असं वाटलं नव्हतं. मग ती सांगत सुटली. प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे सगळ्यात तळाला, म्हणजे गाव पहिल्यांदा वसलं त्या थरात, सावळदा पद्धतीची भांडी निघाली. अंदाजे चार हजार वर्षांपूर्वीची, किंवा थोडी आधीचीच. त्यांवर बाणाची टोकं, मासे धरायचे गळ अशी चित्रं. त्याच दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल नावाचा शेतकरी एका झुडपाचं खोड उकरत होता, तर खाली तांब्या-काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. आबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मंग त्याले काय भेटनं?" मुलीला अहिराणी कळली नाही. मी भाषांतर केलं नाही.

पहिल्या कपाटांत दगडाची हत्यारं. आबा मोठ्या कुऱ्हाडींपाशी थांबले नाहीत. थांबले ते नखाएवढ्या पात्यांपाशी. गारगोटीच्या जातीचा दगड, अर्धवट दूध सांडल्यासारखा रंग, धार अशी की काचेबाहेरूनही बोट आखडावं. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवली की झाला विळा. आबा म्हणाले, वावरात नांगरताना हे दगड किती वर येतात. त्यांचे वडील असल्याच दगडाची चकमक खिशात ठेवायचे, सोबत पोलादाचा तुकडा आणि शेवरीचा कापूस, विडी पेटवायला. मग हळूच मला विचारलं, "आपन फेकी दिन्हात त्या बठ्ठा इळा व्हतात का?" मी म्हटलं सगळे नसतील. त्यांना तेवढं पुरलं नाही.

तांबं होतं त्या लोकांकडे, पण थोडकंच. लोखंड नाहीच. इथे आबा अडले. काळी जमीन आणि लोखंड नाही? "मंग नांगर कसाना?" मुलीने सांगितलं, वाळकीला गुराच्या हाडाचं नांगरासारखं एक अवजार मिळालं आहे. आबांनी मान हलवली, पटलं नाही अशी. मग ते बोलायला लागले, आणि मी दुभाषी झाले. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची ढेकळं कोरडी होऊन त्या भेगांत पडतात, मृग बरसला की जमीन फुगते आणि आपोआप खालची वर होते. दरवर्षी खोल नांगरायलाच हवं असं नाही, वखर फिरला तरी पेरता येतं. पुस्तकांतूनही हेच लिहिलेलं असतं की काळी जमीन स्वतःला नांगरते, पण ते लिहिणाऱ्याने त्या भेगेत कधी पाय मुरगळून घेतलेला नसतो. आबांनी दोनदा घेतला आहे. मुलीने वही काढून काहीतरी टिपलं. आबांची छाती जरा पुढे आली. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा.

मग इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञ मंडळींनी तिथे १९६८ पासून पुढे किती तरी हंगाम उत्खनन केलं, सव्वाशेच्या वर घरं उघडी केली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंतची वस्ती, म्हणजे नऊशे वर्षं एक गाव. जव, गहू, तांदूळ, डाळी, वाटाणा, तीळ. शिवाय बोरं, आवळे, जांभळं, खजूर. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कुत्री, आणि शिकारीत हरणापासून सशापर्यंत सगळं. नदीकडून पाण्याचा पाट काढलेला, पुराला अडवायला दगडमातीचा बांध. धान्य साठवायला जमिनीत पेवं, आणि कणग्या ठेवायला मातीचे गोल ओटे.

ही यादी मी वाचून दाखवत होते आणि आबा घरातल्या घरात फिरल्यासारखे फिरत होते. चूल इथे, कणगी इथे, पेव इथे. आमच्या जुन्या घरातही पेव होतं, मी लहान असताना बुजवलं. त्यात उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे. कंदील विझला तर उतरायचं नाही, आत हवा मेलेली. आबा म्हणाले, "खाईसन उरस, तवयच कोठार लागस." हे वाक्य मी जूनमध्ये फळ्यावर लिहिणार आहे.

पुढचं कपाट मी टाळायला हवं होतं. मला माहीत होतं तिथे काय असणार. पण आबा माझ्या पुढे होते.

इनामगावचे लोक मेलेल्या माणसाला गावाबाहेर नेत नसत. घरातच, राहत्या जमिनीखाली पुरत. लहान मूल गेलं तर दोन मडकी आडवी ठेवून तोंडाला तोंड लावत, आत मूल. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं निजवत. सोबत वाडगा, तोटीचं भांडं. वर पुन्हा जमीन चोपून सारवून घेत, आणि त्याच जमिनीवर स्वयंपाक, निजणं, पोरांचं रांगणं. एक माणूस मात्र वेगळाच. पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार, आणि अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात तो मांडी घालून बसवलेला. गावाचा प्रमुख असावा असा तज्ज्ञांचा कयास.

आबा बराच वेळ बघत राहिले. त्या मडक्यांकडे, रांजणाकडे नाही. मग मुलीने, बिचारीने, तिला काय माहीत, पुढची गोष्ट सांगितली. मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली कापलेले आढळतात.

आबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पाय कसाले कापात वं त्यास्ना?"

मी म्हटलं, आबा, विद्वान म्हणतात की मेलेला माणूस भूत होऊन हिंडू नये म्हणून. त्याने उठून जाऊ नये म्हणून.

"जावाले नको म्हनीसन," आबा म्हणाले. माझं वाक्य त्यांनी आपल्या भाषेत नुसतं परत म्हटलं. पण मी म्हटलं होतं त्यात भीती होती, आणि त्यांनी म्हटलं त्यात नव्हती.

बाहेरच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. त्यांनी चपला घातल्या, परत काढल्या. मला रडू येत होतं, त्यांना येत नव्हतं. ते बोलत होते बहात्तरच्या दुष्काळाबद्दल. मुलीने शेवटी सांगितलं होतं की इसवी सनापूर्वी हजारच्या सुमाराला हवा कोरडी होत गेली, तापी-गोदावरीच्या खोऱ्यांतली कितीतरी गावं ओस पडली, इनामगाव कसंबसं टिकलं. पण आधीची ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शेळ्या-मेंढ्यांवर भिस्त वाढली. आबांनी तेवढं बरोबर उचललं. बहात्तर साली ते पंचवीस वर्षांचे, नुकतं लग्न झालेलं. दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. माय दगड धरायची, आबा घण मारायचे. दुपारी सुकडी, घरी लाल मिलो ज्वारीची भाकरी. आमच्या काकांनी त्या वर्षी बैलजोडी विकली आणि चार शेळ्या घेतल्या. "गोल झोपडं बांध्यं नही, तेवढंच," आबा म्हणाले.

मग म्हणाले, घरी नेऊन सोड.

भाऊ नाराज झाला. त्याचंही खोटं नाही. तिकडे एकटे राहणार कसे, जेवणाचं काय, रात्री दुखलं-खुपलं तर काय. पण आबा त्या दिवसानंतर फ्लॅटमध्ये चार दिवस टिकले.

*

आमच्या गावापासून बहाळ लांब नाही. बहाळ म्हटलं की शिकलेल्या लोकांना तिथला १२२२ सालचा शिलालेख आठवतो, भास्कराचार्यांच्या घराण्यातल्या अनंतदेवाचा, यादव सिंघणाच्या काळातला. आमच्या लहानपणी मात्र बहाळ म्हणजे पांढरीची टेकाडं आणि खापरं. पुरातत्त्व खात्याच्या एम. एन. देशपांड्यांनी १९५०च्या दशकात तिथे उत्खनन केलं, आणि गिरणेच्या पलीकडे टेकवाड्याला त्याच काळातली दफनं सापडली. म्हणजे मडक्यांत माणसं ठेवणारे लोक आमच्या नदीवरही होते. हे मला बी.एड.च्या वर्गात कुणी सांगितलं नाही, आणि आमच्या गावात कुणाला सांगितलं तर "मंग?" असं विचारतील.

मार्चमध्ये एका रविवारी आबांना मोटारसायकलवर मागे बसवून माझ्या नवऱ्याने तिकडे नेलं, मी एस.टी.ने. 'काळी-पांढरी' हा शब्द आपण सातबाऱ्याच्या बोलीत सहज वापरतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची जमीन पांढरी का, याचा मी कधी विचारच केला नव्हता. हजारो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, चुलीतलं जळण, सगळं मुरून ती पांढुरकी होते. आणि म्हणूनच ती खताला चांगली, आणि धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या, छपरावर टाकायला त्याहून चांगली. आमच्याकडच्या धाब्यांवर दर दोन-चार वर्षांनी खारी माती चढवावी लागते, नाहीतर पावसाळ्यात ताटाखाली ताट ठेवावं लागतं.

आबा टेकाडाच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "मी बी वाहेल शे ती माती. गाडीवर गाडी."

आमच्या घरावर! ज्या धाब्यावर आम्ही उन्हाळ्यात गोधड्या टाकून निजायचो, ज्याच्यावर माय कुरडया वाळत घालायची, ते कुणाच्या तरी चार हजार नाही तर दोन हजार वर्षांच्या घराचा चुरा होता. मला आधी राग आला, मास्तरीण म्हणून. मग हसू आलं. कारण त्या मातीत निघालेली खापरं आम्ही लगोरीला वापरायचो. गुळगुळीत, लाल, काहींवर काळ्या रेघा. काळ्या रेघांचं खापर लगोरीत सगळ्यात वर ठेवायचं असा आमच्या गल्लीत नियमच होता. जोर्वे पद्धतीच्या लाल भांड्यावरची काळी नक्षी म्हणून पुण्यात काचेआड जे बघितलं, ते मी सात वर्षांची असताना चेंडूने उडवत होते. ते खरंच त्याच काळातलं असेल असं मी छातीठोक सांगणार नाही, टेकाडात सगळ्या काळांची खिचडी असते. पण नक्षी मला आठवते.

आता टेकाडापेक्षा नदीची अवस्था वाईट आहे. वाळू उपसून उपसून पात्राची चाळण झाली आहे. त्यावर लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याच तालुक्यात, चाळीसगावजवळ पाटण्याला, एस. ए. साळींच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव नक्षीचा तुकडा मिळाला. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. शहामृग, चाळीसगावात. ते लोक शेतकरी नव्हते, शिकार करून, कंदमुळं वेचून खाणारे. त्यांच्यापुढे इनामगाव म्हणजे कालची गोष्ट. हे मी आबांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं: अंडं खाल्लं असेल ना आधी?

*

आता दगडाचं. कारण भांडण दगडावरून झालं.

भावाच्या मनात होतं की वर्षश्राद्धाच्या आधी मायच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी करायची, गावच्या स्मशानभूमीच्या शेडला किंवा देवळाच्या पायरीला बसवायची. नाव, जन्म, मृत्यू, खाली 'सौजन्य'. हल्ली सगळेच करतात. मला त्यात वाईट काही दिसत नव्हतं. मी दगडांच्या बाजूची आहे. नागपूरला नणंदेकडे गेले होते तेव्हा काटोल रोडने जुनापाणीला जाऊन आले. काळ्या दगडांची गोल रिंगणं, एक नाही, दोन नाही, तीनशेच्या आसपास, माळावर पसरलेली. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांची नोंद केली. काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले. रिंगणाच्या मधोमध मृताचे अवशेष, लोखंडी हत्यारं, भांडी. माहुरझरीच्या रिंगणांत तर घोडे पुरलेले आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने. हे सगळं इनामगावच्या मागाहूनचं, लोखंड आलेल्या काळातलं. तिथे उभं राहिलं की वाटतं, काय मोठेपणाने निरोप दिला आहे माणसाला. लांबून दिसावं म्हणून दिलेला निरोप.

आमच्या गावच्या वेशीवर एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्यात तो पिंडीपाशी हात जोडून बसलेला. गाव त्याला म्हसोबा म्हणतं. शेंदूर इतका चढला आहे की लढाई कुठली आणि अप्सरा कुठली ते बोटाने चाचपून ओळखावं लागतं. कोण होता, कुणाची गाय वाचवताना मेला, कुणालाच माहीत नाही. दगड टिकला, माणूस पुसला गेला. मी हेच भावाला फोनवर ऐकवलं, जरा जास्तच शिकवल्यासारखं, तर तो म्हणाला, "म्हणूनच नाव कोरायचं ना ताई, त्या वेळी कोरलं नाही म्हणून." त्याचा मुद्दा बिनतोड होता. मी गप्प बसले.

आबा फोनच्या अलीकडे बसून सगळं ऐकत होते. त्यांनी स्पीकरवर घ्यायला लावलं आणि विचारलं, "भाऊ, त्या दगडवर सांजोरी कोठे ठेवशी?"

पलीकडे शांतता. आबा थट्टा करत नव्हते. आखाजीला घागरीवर आंबा ठेवतात, डांगर ठेवतात, सांजोरी ठेवतात. घागरीला तोंड आहे, पोट आहे, ती जागेवर बसते. उभ्या पाटीवरून सांजोरी घसरेल. पाटीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. भाऊ म्हणतो करू या, आबा म्हणतात कर बापा, पण डेरगं मी भरणार.

मला ठाऊक आहे, आता कुणीतरी म्हणेल की बघा, साडेतीन हजार वर्षांची अखंड परंपरा, रांजणातला माणूस आणि आखाजीचं डेरगं एकच. मला हे म्हणवत नाही. मधे किती लोक आले, गेले, किती वेळा गावं ओस पडली. घरात पुरणं सुटलं, जाळणं आलं. इनामगावची बाई आणि माझी माय यांच्यात मी सरळ दोरी बांधायला गेले तर ती पुण्याची मुलगी वही मिटून घेईल. मी फक्त एवढंच बघितलं की आबा त्या दोन मडक्यांपुढे उभे राहिले तेव्हा त्यांना ते विचित्र वाटलं नाही. मला वाटलं होतं. मी पदवीधर.

*

काल आखाजी झाली.

सकाळी मी आणि वहिनीने चूल पेटवली, गॅसवर नाही, कारण आबांना आगारीला, म्हणजे पितरांचा घास टाकायला, निखारे हवे होते. पुरणपोळी खापरावर करायची होती. मायचं खापर माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेलं, एका बाजूने चीर गेलेली. वहिनी पुण्याची, तिला वाटलं, ही उपडी घातलेली मातीची परात तापली की फुटणार. फुटली नाही. पहिल्या दोन पोळ्या माझ्या हाताने फाटल्या, माय असती तर काही न बोलता त्या गायीला घातल्या असत्या. मीही तेच केलं.

घागर आणि डेरगं देवघराच्या भिंतीशी मांडलं. खाली थोडे गहू, त्यावर मडकी, पाण्यात वाळा, वर छोटं मडकं, त्यावर आंबा, बाजूला डांगर, सांजोऱ्या. आबांनी नावं घेतली. आधी त्यांच्या आजाचं, मग आजीचं, मग वडिलांचं, आईचं, लहानपणी गेलेल्या एका बहिणीचं, जिचं नाव मी या आधी कधीच ऐकलं नव्हतं. शेवटी मायचं. निखाऱ्यावर तूप टाकलं, पुरणपोळीचा तुकडा टाकला, धूर सरळ वर न जाता आमच्याच डोळ्यांत आला. भाऊही आला होता, रात्रभर गाडी चालवून. नमस्कार करताना त्याने डेरग्याच्या गळ्याला बोटं लावली आणि जरा वेळ तशीच ठेवली. मी दुसरीकडे बघितलं.

दुपारी जेवणं झाल्यावर आबा ओट्यावर सालदाराशी बोलत बसले. जुना सालदार सुटला, नवा धरायचा आहे, आखाजी म्हणजे त्याचाही दिवस. पैशांची घासाघीस चालली होती आणि आबांचा आवाज बऱ्याच महिन्यांनी गल्लीच्या तोंडापर्यंत जात होता.

आज पहाटे उठले तर डेरग्याखालचे गहू ओले झालेले. मी घाबरले, म्हटलं तडा गेला की काय, चांगलं वाजवून घेतलं होतं. आबा मागे येऊन उभे राहिले. वाकून त्यांनी डेरग्याच्या पोटावरून तळवा फिरवला, ओला तळवा स्वतःच्या मानेला लावला.

"पाझरस," म्हणाले. "नवं शे."

आणि तांब्या बुडवून पाणी प्यायले.